तात्यांचा हडंबा आणि घसाऱ्याचं गणित

आपल्या मासिकात दर वर्षी रोबोट आणि सेमिनारवर लेख येतात. मी यंदा मळणी यंत्रावर लिहिणार आहे, तेही त्याच्या गिअरवर नाही, भाड्यावर. आमच्या आष्टी तालुक्यात या यंत्राला हडंबा म्हणतात. माझे चुलते, म्हणजे तात्या, यांनी फेब्रुवारी २०२३ मध्ये असा एक हडंबा घेतला. दिवाळी २०२५ च्या सुट्टीत मी गावी गेले तेव्हा त्यांना दुसरा घ्यायचा होता. बँकेने कर्जासाठी मागच्या ३ वर्षांची इन्कम टॅक्स रिटर्न मागितली. तात्यांकडे एकही नव्हतं.

मी विचारलं, "का नाही भरलं?" तात्या म्हणाले, "अगं, शेतीचं मशीन, शेतीचं उत्पन्न. त्याला कसला आलाय टॅक्स?"

मलाही हे पटलं होतं. पण कायदा वाचल्यावर कळलं की अर्धंच बरोबर आहे. १९६१ च्या आयकर कायद्यात शेती उत्पन्न म्हणजे जमिनीपासून, तिच्यावरच्या लागवडीपासून मिळणारं उत्पन्न. तात्या स्वतःच्या ज्वारीची मळणी करतात ते शेतीत येतं. तेच मशीन शेजाऱ्याच्या रानात नेऊन पोत्यामागे पैसे घेतले, की तो धंदा. मशीन तेच, चालवणारा तोच, पण रान बदललं की उत्पन्नाचं खातं बदलतं.

हा धंदा आमच्याकडे चालतो त्याचं कारण आधी सांगते. आष्टी म्हणजे पर्जन्यछायेचा मुलूख. दसरा झाला की गावातली निम्मी माणसं कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. फेब्रुवारीत ज्वारी निघते तेव्हा ती कारखान्यांवरच असतात. मजूर नाही म्हणून मशीन लागतं. कडा, धानोरा, धामणगाव, कुठेही जा, हीच गोष्ट. पण मशीनला काम तुकड्या-तुकड्याने असतं. भादव्यात उडीद-मूग, मग सोयाबीन, पुढे तूर, आणि शेवटी ज्वारी-हरभरा-गहू. सगळे दिवस मोजले तर दोन महिनेसुद्धा भरत नाहीत. बाकीचे दहा महिने हडंबा शेडमध्ये उभा, आणि बँकेचं व्याज मात्र रोज चालू.

हे ज्याला कळलं त्याला भाड्याचं गणित कळलं. तात्यांच्या वहीवरून मी ते मांडलं. यंत्राची किंमत ३ लाख. आयुष्य १० वर्षं धरलं, शेवटी भंगारात-मोडीत ५० हजार येतील असं धरलं, तर वर्षाची झीज २५ हजार. सरासरी भांडवल पावणेदोन लाख, त्यावर १२ टक्के व्याज धरलं तर २१ हजार. शेड आणि विमा मिळून ४ हजार. म्हणजे मशीन एक दाणा न मळता वर्षाला ५० हजार खातं. आता पोत्याचा दर २५० रुपये. त्यातून डिझेल, माणसं, पट्टे, चाळण्या, बेअरिंग यांचे १७० गेले तर ८० उरतात. ५० हजाराला ८० ने भागा: ६२५ पोती. तेवढं भाड्याचं काम झालं की मशीनने आपला खर्च भरून काढला. तिथून पुढे कमाई.

तात्यांच्या घरची पोती साधारण ६०. नुसत्या घरच्या कामाला मशीन घेतलं असतं तर एक पोतं हजार रुपयांना मळून पडलं असतं. भाड्याने आणलं तर २५०! त्यामुळे भाड्याने देणं ही "जोडीची कमाई" नाहीच, ते नसेल तर मशीन घेणंच चूक. मागच्या वर्षी बाहेरची ९०० पोती झाली. ९०० गुणिले ८० म्हणजे ७२ हजार, वजा ५० हजार, राहिले २२ हजार. तात्यांना वाटत होतं की सव्वादोन लाख मिळाले. मिळाले खरे, पण ती जमा होती, नफा नव्हे.

आता घसारा. मी कॉन्व्हेंटमधली, मला डेप्रिसिएशन माहीत होतं, घसारा हा शब्द बीडच्या सी.ए. सरांकडून कळला. किती चांगला शब्द आहे! घासून झिजतं तो घसारा. वर मी काढला तो खरा घसारा. कायद्यातला वेगळा असतो: अशा यंत्रावर दर वर्षी उरलेल्या किमतीच्या १५ टक्के. हंगामी यंत्रासाठी यात एक मेख आहे. खरेदीच्या वर्षात ते १८० दिवसांपेक्षा कमी वापरात आलं तर निम्माच घसारा मिळतो. सप्टेंबरात उडदाला घेतलं असतं तर पूर्ण, तात्यांनी घेतलं फेब्रुवारीत ज्वारीला, म्हणून निम्मा. ही अट फक्त पहिल्या वर्षाची. पुढे मशीन ४० दिवस चालो की ५०, १५ टक्के मिळतात.

दुसरी मेख तात्यांना जास्त लागली. त्यांनी ७५ हजार एकाच दिवशी रोख मोजले होते. यंत्रासाठी एका माणसाला एका दिवसात १० हजारांच्या वर रोख दिलं तर ती रक्कम घसाऱ्यासाठी किमतीत धरत नाहीत. म्हणजे ३ लाखांचं मशीन कायद्याच्या नजरेत सव्वादोन लाखांचं. पहिल्या वर्षाचा घसारा २२,५०० ऐवजी १६,८७५. अनुदान मिळालं असतं तर तेही किमतीतून वजा झालं असतं. ते मात्र मिळालं नाही, कारण महाडीबीटीवर अर्ज करून पूर्वसंमती घ्यायच्या आधीच मशीन दारात आलं होतं. यात दोष कोणाचा हे काकू रोज सांगतात.

पण एवढा घसारा काढून टॅक्स किती वाचला? शून्य. कारण टॅक्स बसतच नव्हता. लहान धंद्याला कलम ४४एडीची सोय होती: वह्या न ठेवता जमेच्या ८ टक्के नफा धरायचा, पैसे बँकेतून किंवा यूपीआयने आले तर ६ टक्के. सव्वादोन लाखांचे ८ टक्के म्हणजे १८ हजार. त्यात घसारा आधीच वजा झाला असं मानतात, वेगळा मागता येत नाही. नव्या कर पद्धतीत २०२५-२६ साठी ४ लाखांपर्यंत करच नाही, आणि सवलतीमुळे १२ लाखांपर्यंत साध्या उत्पन्नावर भरावा लागत नाही. जीएसटीचंही तसंच, शेती अवजारं भाड्याने देण्याला २०१७ पासून सूट आहे. (कलमाचा क्रमांक जुन्या कायद्यातला आहे. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा लागू झाला आणि क्रमांक बदलले, अंदाजित नफ्याची सोय कायम आहे.)

त्यामुळे "टॅक्स वाचवायला मशीन घ्या" असं कोणी म्हटलं तर माझ्या मते त्याला आधी विचारावं, तुमचा टॅक्स आहे किती? आमच्या ओळखीचे एक नोकरदार असाच विचार करत होते. धंद्यातला तोटा पगारातून वजा होत नाही, हे कळल्यावर गप्प झाले.

तात्यांनी रिटर्न भरलं नाही हा गुन्हा नव्हता, उत्पन्न मर्यादेच्या आतच होतं. पण बँकेच्या लेखी जे कागदावर नाही ते कमावलेलंच नाही. त्यांची तीन वर्षांची धूळ आणि घाम कुठेच दिसत नव्हता. शेवटी डिसेंबरात २०२४-२५ चं रिटर्न भरलं. सुगम फॉर्म चालला नाही, शेती उत्पन्न ५ हजारांच्या वर असलं की आयटीआर-३ लागतो, हे सी.ए. सरांनी सांगितलं. मी हडंब्याच्या पत्र्यावर यूपीआयचा क्यूआर कोड चिकटवला आणि एक वही करून दिली: तारीख, रान कोणाचं, पीक, पोती, डिझेल, पैसे रोख की बँकेत. घरची मळणी वेगळ्या पानावर. कोणी पैशांऐवजी ज्वारी दिली तर त्या दिवसाच्या भावाने लिहायची.

दुसऱ्या हडंब्याचं काय? मी तात्यांना सरळ सांगितलं की नका घेऊ. दोन मशीनला १,२५० पोती लागतील, आपल्याकडे ९०० आहेत, आणि आसपास मशीन वाढतच चाललीत. तात्यांना ते आवडलं नाही. म्हणाले, "पोरी, दोन मशीन असली की पाऊस यायच्या आत दोन रानं होतात, ते तुझ्या गणितात कुठंय?" खरंच नव्हतं. सोयाबीन भिजलं तर त्या शेतकऱ्याचा दर पडतो आणि तो पुढच्या वर्षी दुसरं मशीन बोलावतो. म्हणून वहीत मी आणखी एक रकाना आखला: मशीन मोकळं नाही म्हणून किती लोकांना नाही म्हणावं लागलं. या फेब्रुवारीत त्या रकान्यात ७ नावं आली, मिळून अंदाजे १४० पोती. आता सप्टेंबर-ऑक्टोबरचा उडीद-सोयाबीनचा आकडा यायचाय.