कॉफीचा कडूपणा आणि सुगंध

गेल्या पावसाळ्यात सर्दीने बेजार झालो असता, "आज कॉफी नुसती कडू झाली आहे," अशी तक्रार आम्ही आईजवळ केली. कॉफी रोजच्यासारखीच होती; घरची इतर मंडळी ती आवडीने पीत होती. मग कडू लागली ती आम्हांलाच का?

सर्दी ओसरल्यावर आम्ही एक साधा प्रयोग केला. बिनसाखरेच्या कोमट कॉफीचा घोट नाक घट्ट दाबून घेतला. जिभेला कडूपणा व किंचित आंबटपणा तेवढा कळला. ती कॉफी की एखादा काढा, हे सांगता येईना. घोट गिळून नाक सोडताच मात्र कॉफी ओळखू आली! कारण वासाला नाकात शिरण्याच्या दोन वाटा आहेत : एक नाकपुड्यांची, दुसरी घशामागून वर जाणारी. या मागच्या वाटेने येणाऱ्या वासालाच आपण भोळेपणाने 'चव' म्हणतो.

भाजलेल्या कॉफीत वासाची ८०० हून अधिक द्रव्ये आढळली आहेत. तिचा कडूपणा कॅफीनमुळे येतो, असा समज आहे. परंतु कॅफीनचा वाटा थोडाच. पुष्कळसा कडूपणा बी भाजतानाच निर्माण होतो. म्हणजे सुगंध आणि कडूपणा ही एकाच अग्नीची भावंडे होत.

ही भावंडे मेंदूत पुन्हा भेटतात. नेहमी जोडीने येणारी चव व वास यांना मेंदू एकच अनुभव मानू लागतो. १९९९ साली इंग्लंडमधील शास्त्रज्ञांनी पुदिन्याच्या च्युइंगमवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. नाकात पोहोचणारा वास फारसा कमी झाला नसतानाही, साखर संपत गेली तसतसा चघळणाऱ्यांना पुदिना फिका वाटू लागला! पुदिन्याची सोबतीण जशी साखर, तसा कॉफीचा सोबती कडूपणा. तो बेताचा असला तर सुगंधाला आधार वाटतो. फार झाला तर सारे लक्ष तोच वेधून घेतो आणि नाजूक गंध मागे पडतात.

येथेच फसगतीचीही जागा आहे. काळीभोर, कडू कॉफी दिसली की आपण तिला 'कडक' म्हणतो. परंतु चिकोरी या वनस्पतीचे भाजलेले मूळही असाच रंग व कडूपणा देते. त्यात कॅफीन मात्र नसते. मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के असावी, असा आपल्या देशात नियम आहे. म्हणून पुड्यावरील मजकूर वाचावा, आणि एकट्या जिभेची साक्ष न मानता नाकालाही विचारावे.

आम्ही ते विचारले नव्हते. दोष कॉफीचा नव्हता. आमचे नाकच रजेवर होते. हे उमगताच आम्ही आईची क्षमा मागितली. तिने हसून दुसरा पेला पुढे केला, आणि या वेळी त्याचा घमघमाट आम्हांस आधीच येऊन भेटला.