‘कीप’ म्हणजे ठेवणे, पण कुठे आणि कसे?

इंग्रजीत काही शब्द लहान असतात पण त्यांना कामे फार असतात. आपल्या गावात एकच माणूस सुतारकाम पण करतो आणि भजनात पेटी पण वाजवतो, तसे. असाच एक शब्द आहे ‘कीप’. हे क्रियापद आहे. आज आपण त्याची माहिती घेऊ.

‘कीप’ चे अर्थ

१) ठेवणे. ‘कीप धिस बुक’ म्हणजे हे पुस्तक तुझ्याकडेच ठेव. परत देऊ नको.

२) राहणे. गुरुजी वर्गात ‘कीप क्वाएट’ म्हणतात. म्हणजे शांत राहा. रस्त्यावर ‘कीप लेफ्ट’ अशी पाटी असते. म्हणजे डाव्या बाजूने चला. ट्रकच्या मागे ‘कीप डिस्टन्स’ लिहिलेले असते. म्हणजे अंतर ठेवा, अगदी जवळ येऊ नका.

३) करत राहणे. ‘कीप रीडिंग’ म्हणजे वाचत राहा, थांबू नका.

४) राखणे. क्रिकेटमध्ये विकेटकीपर असतो. तो विकेट राखतो, म्हणून मराठीत त्याला यष्टिरक्षक म्हणतात. आपण शेत राखतो, गुरे राखतो, तसेच हे.

५) पाळणे. ‘कीप अ डॉग’ म्हणजे कुत्रा पाळणे. ‘कीप अ प्रॉमिस’ म्हणजे दिलेला शब्द पाळणे. गंमत बघा, मराठीत पण आपण कुत्रा पाळतो आणि शब्द पण पाळतो! दोन्ही भाषांत एकच शब्द दोन्ही कामांना चालतो.

‘कीप’ चे भाऊबंद

मराठीत आपण सगळ्याला ‘ठेवणे’ म्हणतो. इंग्रजीत त्याचे वेगवेगळे शब्द आहेत.

पुट – एखादी वस्तू एका जागी ठेवणे. वही टेबलावर ठेवली, झाले काम.
स्टोअर – साठवून ठेवणे. कणगीत ज्वारी साठवतात, ते स्टोअर.
सेव्ह – वाचवून ठेवणे. खाऊचे पैसे न खर्चता गल्ल्यात टाकले, ते सेव्ह.
होल्ड – हातात धरून ठेवणे. जत्रेत आजी माझा हात धरून ठेवते, ते होल्ड.
प्रिझर्व – टिकवून ठेवणे. मीठ आणि तेल घालून लोणचे वर्षभर टिकवतात, ते प्रिझर्व.

आता भूतकाळ पाठ करा. कीपचे होते ‘केप्ट’. होल्डचे होते ‘हेल्ड’. पुटचे काहीच होत नाही, काल पण पुट आणि आज पण पुट. बाकीच्यांना शेवटी ‘ड’ किंवा ‘ट’ असा आवाज लागतो. स्टोअर्ड, सेव्ह्ड, प्रिझर्व्ह्ड.

‘पुट’ आणि ‘कीप’ यांत फरक काय?

हा प्रश्न महत्त्वाचा आहे. पुट हे एका वेळचे काम आहे. कीप म्हणजे ठेवायचे आणि ठेवलेलेच राहू द्यायचे. आई चहा झाल्यावर साखरेचा डबा फळीवर ठेवते, ते पुट. आमच्याकडे साखरेचा डबा नेहमी फळीवरच असतो, ते कीप.

हा फरक नुसता परीक्षेपुरता नाही. पिकावर फवारायच्या औषधाच्या बाटलीवर इंग्रजीत लिहिलेले असते, ‘कीप आउट ऑफ द रीच ऑफ चिल्ड्रन’. म्हणजे मुलांचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवा. तिथे ‘पुट’ नाही लिहिले, ‘कीप’ लिहिले आहे. म्हणजे एक दिवस उंच ठेवून चालत नाही. फवारणी झाली, बाटली अर्धी राहिली, तरी कायम दूरच ठेवायची.

बाटलीवर शंकरपाळ्यासारखे एक चित्र पण असते. त्याच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग बघावा.

लाल – अतिशय विषारी. याच्या वरच्या भागात कवटी आणि हाडे असतात.
पिवळा – खूप विषारी.
निळा – मध्यम विषारी.
हिरवा – कमी विषारी. पण बिनविषारी नव्हे!

आपण त्याला ‘औषध’ म्हणतो, पण ते किड्यांचे विष आहे. माणसाला पण बाधते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना शेकडो लोकांना विषबाधा झाली. त्यातले कित्येक जण दगावले.

आमच्या घरी अशी बाटली खिडकीत असायची. माझा धाकटा भाऊ आता उभं राहायला लागलाय, खिडकीचे गज धरतो. मी बाबांना बाटलीवरचे वाक्य वाचून दाखवले आणि अर्थ सांगितला. बाबा म्हणाले, “बरं झालं सांगितलंस.” त्यांनी गोठ्याजवळच्या खोलीत पेटी ठेवली, तिला कुलूप लावले. आता बाटली तिथेच असते. किल्ली आजीच्या कमरेला!

चुकून कुणाच्या पोटात गेलेच तर घरगुती उपाय करत बसू नये. लगेच दवाखान्यात न्यावे किंवा १०८ नंबरला फोन करावा. बाटली पण बरोबर न्यावी, म्हणजे कोणते विष आहे ते डॉक्टरांना कळते. रिकाम्या बाटलीत पाणी किंवा तेल कधी भरू नये.

ओळखा पाहू! कीप, पुट, स्टोअर की होल्ड?

१) दादाने दप्तर खुंटीवर अडकवून ठेवले.
२) आम्ही पावसाळ्यासाठी सरपण साठवतो.
३) शिडी घट्ट धरून ठेव, मी वर चढतो.
४) बाबा फवारणीचे औषध नेहमी कुलपात ठेवतात.

उत्तरे : १) पुट २) स्टोअर ३) होल्ड ४) कीप.

चारही बरोबर आली तर शाबास! आता घरी जाऊन एक काम करा. आपल्या घरातल्या बाटल्या कुठे आहेत ते बघा, त्यांना हात लावू नका, आणि मोठ्यांना ‘कीप’ चा अर्थ सांगा.

– इयत्ता चौथी