खड्यांची अक्षरं कापायला देण्याआधी

एका ढोलपथकाच्या टी-शर्टांची फाइल आमच्याकडे कटिंगला आली. स्क्रीनवर दृष्ट लागावी असं काम: प्रत्येक खड्याला पैलू, ग्रेडियंट, वर पांढरी तिरीप. प्लॉटरवर घातली आणि खडे बसवायचा स्टेन्सिल जागोजागी फाटला. कोरलड्रॉमध्ये वायरफ्रेम लावल्यावर कारण कळलं. काना शिरोरेषेला भेटतो तिथे वर्तुळं एकमेकांवर चढली होती. प्लॉटर चमक वाचत नाही, कडा वाचतो. वाईट याचं वाटलं की फाइल बनवणाऱ्या मुलाने जीव ओतून काम केलं होतं.

म्हणून चमक शेवटी द्या. आधी खड्याचं माप ठरवा. एसएस ६ साधारण २ मिमी, एसएस १० साधारण २.८. स्टेन्सिलमधलं भोक खड्याहून किंचित मोठं हवं आणि दोन भोकांत अर्धा मिमी तरी कोरी जागा हवी. एसएस १० साठी भोक ३.२ धरलं, तर केंद्र ते केंद्र ३.७. वर्तुळांचा ब्लेंड पाथवर चढवून फिक्स्ड स्पेसिंग वापरा आणि अंतर मोजून बघा.

देवनागरीत खरी कसोटी जोडाक्षरांची. बारीक फॉन्टच्या दोन्ही कडांवर खडे लावायला गेलात तर मधे श्वास घ्यायला जागा उरत नाही. तिथे अक्षराच्या मधोमध एकच रेघ हाताने ओढा. शिरोरेषेची ओळ आधी लावा, कान्याचा पहिला खडा तिच्याखाली एक अंतर सोडून. मग ब्लेंड ब्रेक अपार्ट करून जिथे गर्दी होते तिथले खडे एकेक सरकवा. हे काम कुठलंही बटण तुमच्यासाठी करणार नाही.

आणि तयार डिझाइन ओढून लहान करू नका. लहान मुलांच्या मापासाठी ते ८० टक्के केलं की ३.२ चं भोक २.५६ होतं, त्यात २.८ चा खडा बसेल कसा? पाथ लहान करा, खडे नव्याने लावा.

काम फक्त बॅनरपुरतं असेल तर एवढा जाच नाही. एक खडा मनासारखा रंगवून त्याचा सिम्बॉल करा, तिरीप सगळीकडे एकाच बाजूने ठेवा.

टी-शर्टचं असेल तर आधी एकच अक्षर कापून त्यावर ब्रशने खडे फिरवून बघा. त्यासाठी ‘श्री’ किंवा ‘क्ष’ घ्या. ‘ग’ नीट निघाला म्हणून निर्धास्त होऊ नका.