बाजारपेठेचा केर आणि झाडूची निवड

दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या सायंकाळी कोल्हापूरच्या पेठांतून फेरफटका मारला, तर दुकानादुकानांतून चोपड्यांच्या शेजारी हळदकुंकू वाहिलेली नवी केरसुणी दिसते. अंबाबाईच्या या नगरीत केरसुणीला लक्ष्मी मानण्याची रीत पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. परंतु पूजेचा दिवस सरला म्हणजे ही लक्ष्मी कोणत्या जमिनीसाठी, कोणत्या केरासाठी आणि कोणाच्या हातासाठी घ्यावयाची, याचा विचार क्वचितच होतो. दुकाने, गोदामे, कारखाने, मंडया व आठवडे बाजार यांच्या सफाईवर बराच पैसा व मनुष्यबळ खर्च होते. साधन चुकीचे असेल, तर तो खर्च वाया जातो आणि झाडणाऱ्याच्या आरोग्याचीही हानी होते. म्हणून वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या या विषयाचा पद्धतशीर विचार करणे अगत्याचे आहे.

केर ओळखावा, मग झाडू घ्यावा

झाडू निवडण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. केर कोरडा आहे, ओला आहे की चिकट? तो बारीक धुळीचा आहे की जड कचऱ्याचा? आणि जमीन गुळगुळीत फरशीची आहे, खडबडीत सिमेंटची आहे की मातीची? या तीन प्रश्नांच्या उत्तरांतच साधनाची निवड दडलेली असते.

शिंदीच्या पानांची केरसुणी ही आपल्याकडील जुनी व घरगुती वस्तू होय. महाराष्ट्रात ती वळण्याचे कौशल्य परंपरेने मातंग समाजातील कारागिरांनी जपले. शहाबादी फरशी, कोबा व सारवलेली जमीन यांवर ती चांगली चालते. मात्र सतत ओली राहिल्यास कुजते. कुंचा किंवा फुलझाडू हा ईशान्य भारतातील डोंगराळ मुलखात होणाऱ्या गवताच्या तुऱ्यांचा करतात. गुळगुळीत फरशीवरील बारीक धूळ गोळा करण्यास तो उत्तम. नवा असताना तो काही दिवस स्वतःचाच भुसा टाकतो. म्हणून वापरण्यापूर्वी उघड्यावर झटकून घ्यावा. माडाच्या हिरांचा खराटा अंगण, रस्ता, गटाराचा काठ आणि ओला कचरा यांसाठी योग्य. परंतु गुळगुळीत फरशीवर बारीक धूळ त्याच्या हिरांमधून निसटते. रुंद फळीला ताठ कृत्रिम तंतू बसविलेला, उभ्याने ढकलावयाचा ब्रश मोठ्या गोदामांत वेळ वाचवितो; मात्र तप्त धातूजवळ त्याचे तंतू वितळतात.

जशी पेठ, तसे साधन

राजर्षी शाहू छत्रपतींनी १८९५ साली शाहूपुरीची पेठ वसविली आणि कोल्हापूरच्या गुळाच्या व्यापाराला मोठी चालना मिळाली. गूळ हवेतील ओलावा शोषून घेतो. पावसाळ्यात त्याचे सांडलेले कण जमिनीला घट्ट चिकटतात. तेथे कुंचा फिरवून उपयोग नाही. आधी पत्र्याने खरवडून चिकटा उचलावा, मग गरम पाणी टाकून खराट्याने घासावे आणि वायपरने पाणी ओढून जमीन कोरडी करावी. नुसते पाणी शिंपडून सोडल्यास माश्या व मुंग्यांना आमंत्रणच मिळते.

गुजरीतील सोनारकामाची गोष्ट निराळी. तेथील केरात सोन्याचांदीचे कण असतात आणि झारेकरी तो केर धुऊन ते वेगळे काढतात. तेव्हा अशा जागी मऊ व दाट केसांचा लहान ब्रश स्वतंत्र राखावा आणि तो अन्यत्र वापरू नये. इचलकरंजीच्या यंत्रमागांखाली कापसाचा हलका तंतू साचतो. जोराने झाडल्यास तो उडून पुन्हा कापडावर व कामगाराच्या नाकातोंडात जातो. यंत्र बंद असताना मऊ साधनाने, सावकाश व जमिनीलगत झाडणे हाच तेथील मार्ग होय.

उद्यमनगर व शिरोलीच्या परिसरातील ओतशाळांत मात्र विशेष दक्षता हवी. ओतकामाच्या वाळूत सिलिका असते. तिचे सूक्ष्म कण डोळ्यांना दिसत नाहीत. परंतु ते फुप्फुसात खोलवर जाऊन सिलिकोसिस हा बरा न होणारा विकार जडवितात. म्हणून अशी धूळ कोरडी झाडूच नये. योग्य गाळणी असलेल्या शोषणयंत्राने ती उचलावी किंवा प्रथम ओलसर करून घ्यावी. वितळलेला धातू व भट्टी यांच्या आसपास मात्र पाणी कदापि शिंपडू नये. पाण्याची क्षणात वाफ होऊन स्फोट होतो. तोंडाला बांधलेला रुमाल या धुळीला अडवू शकत नाही. त्यासाठी योग्य प्रतीचा मुखवटाच लागतो.

पुराने शिकविलेला धडा

२०१९ व २०२१ साली पंचगंगेच्या पुराचे पाणी शहराच्या सखल व्यापारी भागांत शिरले. पूर ओसरल्यावर दुकानांतून चिखलाचा थर राहतो. तो वाळू देणे ही मोठी चूक ठरते, कारण वाळलेल्या गाळाची धूळ होते आणि ती दुकानभर पसरते. गाळ ओला असतानाच फावड्याने ओढावा, उरलेला खराटा व पाण्याने धुवावा, शेवटी वायपर चालवावा. पुराच्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिससारखे रोग संभवतात. म्हणून या कामी गमबूट व हातमोजे यांना पर्याय नाही. नदीकाठच्या ग्रामपंचायतींनी पावसाळ्यापूर्वीच फावडी, खराटे व वायपर यांचा साठा उंच जागी ठेवावा.

झाडणारा हात

आखूड झाडूने दिवसभर वाकून झाडणाऱ्या व्यक्तीची कंबर व मान काही वर्षांत जायबंदी होते. बाजाराची सफाई करणाऱ्यांत स्त्रियांची संख्या मोठी आहे, हे ध्यानी घेतल्यास या प्रश्नाचे गांभीर्य कळेल. उभ्याने वापरावयाच्या झाडूचा दांडा झाडणाऱ्याच्या खांद्यापासून हनुवटीपर्यंत यावा. सर्वांसाठी एकाच मापाचे दांडे घेणे सोयीचे असले, तरी हिताचे नाही. खरेदीपूर्वी दोन-तीन नमुने प्रत्यक्ष झाडणाऱ्यांच्या हाती आठवडाभर द्यावेत आणि त्यांचे मत नोंदवून घ्यावे. ज्याने कधी झाडू हाती धरलेला नाही, त्याने केवळ दरपत्रक पाहून निवड करावी, हे उचित नव्हे.

खरेदी आणि निगा

सर्वांत कमी दर म्हणजे सर्वांत कमी खर्च असे नाही. समजा, ८० रुपयांचा कुंचा ३० दिवस टिकतो आणि १२० रुपयांचा ६० दिवस टिकतो. पहिल्याचा रोजचा खर्च सुमारे २ रुपये ६७ पैसे पडतो, तर दुसऱ्याचा २ रुपयेच. म्हणून झाडू केव्हा दिला व केव्हा निकामी झाला, याची साधी नोंदवही ठेवावी. वर्षअखेर तीच उत्तम मार्गदर्शक ठरेल.

विकत घेताना बांधणी ओढून पाहावी, काड्या गळतात का ते तपासावे. शौचालयाचा झाडू, खाद्यपदार्थांच्या जागेचा झाडू व रस्त्याचा खराटा वेगवेगळे असावेत आणि दांड्यांना निरनिराळा रंग द्यावा. काम संपल्यावर झाडू झटकून टांगून ठेवावा. टोकांवर उभा केल्यास ती वाकतात. गुळगुळीत फरशी झाडताना ओलसर केलेला लाकडाचा भुसा पसरून घेतल्यास धूळ उडत नाही. शाळांतील शिक्षकांना विद्यार्थ्यांकडून हा प्रयोग सहज करून घेता येईल. एका वर्गात कोरडे झाडावे, दुसऱ्यात भुसा वापरावा आणि बाकांवर बसलेल्या धुळीची तुलना करावी.

संत गाडगेबाबांनी (१८७६-१९५६) आधी खराट्याने गाव झाडले आणि मग कीर्तनातून मने स्वच्छ केली. त्यांच्या नावे २०००-०१ पासून राज्यात ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. त्या थोर परंपरेचे आपण वारस आहोत. केरसुणीची वर्षातून एकदा पूजा करणाऱ्या समाजाने ती वळणाऱ्या कारागिरास रास्त मोल आणि ती चालविणाऱ्या हातास योग्य साधन वर्षभर दिले, तरच ती पूजा खऱ्या अर्थाने सफल झाली असे म्हणता येईल.