पुडीची पाठ आधी बघ

तुझ्या चाकणच्या ऑफिसातल्या जपानी साहेबांनी चहाची पुडी दिली, छान झालं. आता ती काचेच्या कपाटात ठेवू नकोस. परदेशातून काही आलं की ‘पाहुणे आले की काढू’ म्हणून जपायची आपली खोड आहे. मग पाहुणे येतात आणि त्यांना आलं घातलेला नेहमीचाच चहा मिळतो. हिरवा चहा काही लोणचं नव्हे की ठेवून मुरेल. सीलबंद असेल तर काही महिने तग धरतो. एकदा फोडला की महिनाभरात संपवायचा, नाहीतर आधी वास जातो आणि मग रंग पिवळट होतो.

वेष्टन फाडण्याआधी दोरा बघ. लाल-पांढरा असेल तर आनंदाची भेट. काळा-पांढरा, किंवा क्योतो-ओसाकाकडचा पिवळा-पांढरा असेल, तर ती कुणाच्या तरी दुखवट्याची परतभेट. तिकडे अंत्यविधीला आलेल्यांनी पाकिटातून पैसे दिले की त्यांना नंतर काहीतरी परत पाठवतात, आणि त्यात चहा फार असतो. जी वस्तू वापरून संपते तिच्याबरोबर दुःखही सरावं, अशी त्यामागची समजूत. अशी पुडी हातात आली तर अपशकुन वगैरे मानू नकोस, खुशाल पी. फक्त तीच दिवाळीला दुसऱ्या जपानी माणसाला देऊ नकोस!

आता पुडी उलटी कर. पुढचं चित्र, डोंगर, सोनेरी अक्षरं हे सगळं दुकानदाराचं. खरी माहिती पाठीवरच्या चौकटीत असते. वर नाव, त्याखाली घटक, मग वजन, मग तारीख. मोबाईलचा कॅमेरा धरलास तर यातलं बरंचसं वाचता येतं. पुढच्या बाजूच्या वळणदार ब्रशच्या अक्षरांपुढे मात्र तोही गोंधळतो आणि काहीबाही काव्य ऐकवतो. तारीख वर्ष-महिना-दिवस अशी वाचायची. वर्षाच्या जागी नुसता 7 किंवा 8 दिसला तर घाबरू नकोस, ते रेइवा पर्वाचं वर्ष. रेइवा 2019 मध्ये सुरू झालं, म्हणून 7 म्हणजे 2025.

घटकांची ओळ सगळ्यात महत्त्वाची. खऱ्या चहात तिथे एकच गोष्ट असते, फार तर दोन. लांबलचक यादी दिसली आणि त्यात मीठ, साखर असं काही आलं, तर हातात आहे ते वेगळंच काहीतरी. कोंबुचा हे समुद्री केल्पच्या पुडीचं खारट पेय. हल्ली इकडे मिळतं ते आंबवलेलं कोंबुचा वेगळं, त्याचा याच्याशी संबंध नाही. मुगिचा म्हणजे भाजलेलं जव, त्यात चहाचं पानच नाही. आणि ओचाझुके नावाच्या छोट्या पुड्या येतात, त्या भातावर ओतायच्या. त्यात बरेचदा माशाचा अर्क असतो. तुझ्या सासरी पूर्ण शाकाहार, तेव्हा नावात चहाचं अक्षर आहे एवढ्यावर जाऊ नकोस.

ते चहाचं अक्षर तेवढं ओळखायला शीक, पुरतं. वर एक आडवी रेघ, तिला छेदणाऱ्या दोन छोट्या उभ्या. त्याखाली दोन बाजूंना उतरणारं छप्पर. छपराखाली आडव्या रेघेतून गेलेला उभा दांडा, आणि त्याच्या दोन बाजूंना एकेक फराटा. हे अक्षर बहुधा नावाच्या शेवटी असतं. आता त्याच्या आधी काय आहे ते बघ. आधीच्या अक्षराच्या तळाशी चार ठिपके ओळीत असतील तर सेंचा. तळाला चार घरं पाडलेला चौकोन असेल तर बांचा. दोन्ही अक्षरांना वरचं डोकं सारखंच असेल तर कुकिचा, म्हणजे देठांचा चहा. मधलं अक्षर अधिकच्या चिन्हाला चार तिरक्या रेघा जोडल्यासारखं असेल तर ते तांदळाचं, म्हणजे गेन्माइचा. आधी तीन गोलसर, सोपी अक्षरं असतील तर होजिचा. आणि चहाचं अक्षर कुठेच नाही, पण पहिल्या अक्षरात तीन आडव्या, एक उभी आणि उजवीकडे खाली एक ठिपका दिसला, तर सावकाश हो. ते ग्योकुरो, सगळ्यात महागातलं.

तरीही माझा भरवसा पानावरच. पांढऱ्या बशीत चमचाभर काढ आणि खिडकीशी ने, ट्यूबलाइटखाली नाही. पान तपकिरी असेल तर चहा बिघडला असं समजू नकोस. तो होजिचा, हिरवाच चहा भाजलेला. त्याला उकळतं पाणी चालतं, आणि दूध घातल्याशिवाय तुमच्याकडे चहा उतरतच नसेल तर ते यातच घाला, बाकी कशात नको. हिरव्या पानांत तांदळाचे भाजके दाणे आणि मध्ये मध्ये पांढऱ्या लाह्या दिसल्या तर तो गेन्माइचा. कुणी निवडून टाकू नये, लाह्या त्यातच असायच्या. फिकट हिरव्या काड्याच काड्या असतील तर कुकिचा. स्वस्त असतो, पण चांगल्या सेंचाच्या किंवा ग्योकुरोच्या देठांचा निघाला तर फार गोड लागतो. मला तो ग्योकुरोपेक्षा बरा वाटतो, लोक काहीही म्हणोत. पानं वळून स्वल्पविरामासारखी झाली असतील तर तो बहुधा क्यूशू बेटावरचा, सागा प्रांतातल्या उरेशिनोच्या बाजूचा.

खरी अडचण येते ती सरळ, काळपट हिरव्या, सुईसारख्या पानांची. तो सेंचा की ग्योकुरो, हे नवख्याला पटकन कळत नाही.

याचं कारण दोन्हींची घडण एकच आहे. पान खुडलं की लगेच वाफवायचं, म्हणजे ते काळं पडत नाही, आणि मग गरम असतानाच वळत वळत सुकवायचं. उजीजवळच्या नागातानी सोएन नावाच्या शेतकऱ्याने ही रीत 1738 मध्ये बसवली, त्याआधी साध्या माणसाच्या कपातला चहा तपकिरीच असे. ग्योकुरो आला जवळजवळ शंभर वर्षांनी, 1835 च्या सुमाराला. त्यात फरक फक्त झाडावर. खुडण्याआधी सुमारे वीस दिवस मळ्यावर आच्छादन घालून ऊन अडवतात. ऊन मिळालं की पानातला गोडवा कडवटपणात बदलतो, सावलीत तो टिकून राहतो. म्हणून ग्योकुरोचं पान जास्त गडद, निळसर झाक असलेलं, आणि वास समुद्री शेवाळाकडे झुकणारा. सेंचाचा वास ताज्या गवताचा. नाक जवळ नेऊन दोन वेळा हुंग, पण आधी हात धू. लसूण सोललेल्या बोटांनी हे काम होत नाही.

तिसरा भाऊबंद फुकामुशी, म्हणजे जास्त वेळ वाफवलेला सेंचा. साधा सेंचा अर्धा-पाऊण मिनिट वाफेत राहतो, हा दुप्पट किंवा त्याहून जास्त. पान इतकं मऊ पडतं की वळताना मोडतं, म्हणून पुडीत निम्मा भुगा दिसतो. लोक म्हणतात, तळाचा माल दिला. तसं नाही. शिझुओकातल्या माकिनोहाराच्या पठारावर ऊन फार, पानं जाड आणि तुरट, म्हणून तिथल्यांनी ही युक्ती काढली. आम्ही हामामात्सूला राहायचो तेव्हा शेजारीपाजारी हाच प्यायला जायचा. कपात तो गढूळ, गर्द हिरवा उतरतो आणि तो तसाच उतरायला हवा. याला बारीक जाळीचं गाळणं लागतं, आपलं प्लास्टिकचं चालायचं नाही. गावावरून मात्र पैज लावू नकोस. शिझुओका लिहिलंय म्हणजे सगळ्यात जास्त पिकतं तिथलं, असंही आता राहिलं नाही. 2024 मध्ये कागोशिमाने त्याला मागे टाकलं. उजी आणि फुकुओकातलं यामे ही नावं दिसली तर मात्र पुडी सांभाळून उघड, चांगले ग्योकुरो तिथलेच.

एवढं करूनही कळलं नाही तर पाण्याला विचार. नियम एकच, कोमटापासून गरमाकडे जायचं. उलटं केलंस तर महागाचा चहा पहिल्याच घोटाला कडू होईल, आणि तुला वाटेल जपान्यांना चवच नाही. गोडवा कमी गरम पाण्यातही उतरतो, कडवटपणा आणि कॅफीन मात्र उकळतं पाणी भराभर ओढतं. दोन लहान चमचे पानं, अर्धा पेला पाणी. थर्मामीटर नको. उकळलेलं पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतलं की दर खेपेला साधारण दहा अंश उतरतं. चार वेळा ओत, साठाच्या आसपास येईल. मिनिटभर थांब आणि शेवटच्या थेंबापर्यंत गाळ. दाट, जवळजवळ सूपसारखी चव लागली तर ग्योकुरो. त्याला पुढच्या वेळी आणखी थोडं थंड पाणी आणि दोन मिनिटं दे. हलका, स्वच्छ लागला तर सेंचा, त्याला सत्तर ते ऐंशी अंश चालतात. काहीच चव नाही आली तर बांचा, त्यावर सरळ उकळतं ओत. बोअरचं जड पाणी घेऊ नकोस, त्यात सगळेच मुके होतात. आणि पहिला चहा झाला की पानं फेकू नकोस, दुसरा घाणा थोड्या जास्त गरम पाण्याने, लगेच गाळून. पानं आता उलगडली असतील, ती चिमटीत धरून बघ. कोवळी आणि मऊ असतील तर माल चांगला. ग्योकुरोची ओली पानं तर तिकडे सोया सॉस घालून खातात. ग्योकुरो सासऱ्यांना रात्री देऊ नकोस, झोप जाईल.

पुडीऐवजी तीस-चाळीस ग्रॅमचा छोटा डबा आणि आत हिरवी पूड असेल, तर माच्चा असेल किंवा नसेल. घटकांत साखर पहिली असेल तर ते दुधात ढवळायचं गोड पेय. नुसता चहाच असेल तर चिमूटभर बोटांत चोळ. माच्चा बोटांच्या रेषांत शिरून बसतो, साध्या सेंचाची दळलेली पूड किंचित रवाळ लागते.

फोडलेली पुडी फ्रीजमध्ये ठेवू नकोस. हिंगाचा, लसणाच्या चटणीचा वास हा चहा आधी घेतो. घट्ट झाकणाच्या डब्यात घालून गॅसपासून लांब, अंधाऱ्या फडताळात ठेव. न फोडलेली फ्रीजमध्ये चालेल, पण बाहेर काढून तासन्‌तास तशीच राहू दे आणि मगच काप, नाहीतर आत दव धरतं.

आणि वर्षभर विसरून गेलीसच, पुडीचा वासही गेला, तरी टाकू नकोस. मंद आचेवर कोरडीच हलवत राहा, पानं तपकिरी झाली आणि खमंग वास सुटला की उतरव, घरचा होजिचा तयार. त्यासाठी फोडणीची कढई घेऊ नकोस, पोळ्यांचा तवा घे.