पहारा, राखण आणि पाळत

मेक्सिकोतल्या एका गोदामासाठी सुरक्षारक्षकांच्या सूचनांचं स्पॅनिश भाषांतर पुण्यात झालं आणि तपासायला माझ्याकडे आलं. मूळ मजकूर इंग्रजी. त्यात ‘गार्ड’ हे क्रियापद जिथे जिथे होतं, तिथे सरसकट ‘ग्वार्दार’ लिहिलेलं. शब्दकोशाच्या हिशेबाने ते चूक नाही. रक्षण करणं हा ‘ग्वार्दार’चा जुना अर्थ आहेच, आणि ‘ग्वार्दाएस्पाल्दास’ म्हणजे अंगरक्षक, अशा जोडशब्दांत तो अजून टिकून आहे. पण आज एकटं ‘ग्वार्दार’ ऐकलं की आधी मनात येतं ते ‘ठेवणं’: कपडे कपाटात ठेवणं, फाइल सेव्ह करणं, कुणासाठी जागा धरून ठेवणं. अख्खं गोदाम ‘ग्वार्दार’ करायचं म्हणजे काय, असा प्रश्न रक्षकाला पडणारच.

खरी काळजीची बाब पुढे होती. माल गहाळ झाला तर जबाबदार कोण, हे त्या सूचनांवरून कळत नव्हतं. ‘बिखिलार’ म्हणजे पहारा देणं, लक्ष ठेवणं. आवार, फाटक, कुंपण यांना हेच क्रियापद बसतं. ‘कुस्तोदियार’मध्ये मात्र वस्तू किंवा माणूस तुमच्या हवाली केलेला असतो: अटकेतला आरोपी, मतपेट्या, मौल्यवान ऐवज. आवाराला बिखिलार आणि सीलबंद मालाला कुस्तोदियार, अशी विभागणी मी सुचवली, पण करार मागवून वाचल्यावरच. रक्षकावर किती जबाबदारी टाकायची, हे भाषांतरकाराने परस्पर ठरवायचं नसतं.

स्पॅनिश शिकणाऱ्या मराठी मुलामुलींना म्हणून कळकळीने सांगते, इंग्रजीच्या वाटेने जाऊ नका. ‘वॉच’ला ‘मिरार’ लिहिलंत तर रक्षक गोदामाकडे नुसता बघत बसेल. त्यापेक्षा आधी मराठीत विचारा, काम नेमकं कोणतं? फिरून गस्त घालायची असेल तर ‘पात्रुयार’. नेमल्या वेळी, नेमल्या जागी पहाऱ्याला उभं राहायचं तर ‘आसेर ग्वार्दिया’. मुलांची, घराची, सामानाची काळजीने राखण करायची तर ‘क्विदार’. मेक्सिकोत रस्त्याकडेला गाड्या राखणारेही हेच क्रियापद वापरतात.

पाळतीपाशी मराठीचा आधार थोडा सुटतो, कारण तिलाही बहुधा ‘बिखिलार’च चालतं. संशयिताच्या बाबतीत ती पाळत, पोहणाऱ्या मुलांच्या बाबतीत नुसतं लक्ष. अर्थ संदर्भाने ठरतो, तेव्हा आजूबाजूचं वाक्य नीट बांधा. शिवाय ज्याच्यावर लक्ष ठेवायचं तो ठरावीक माणूस असेल, तर क्रियापदानंतर ‘आ’ हवा. गोदामाला तो लागत नाही. आपण ‘मुलाला पाहिलं’ पण ‘गोदाम पाहिलं’ म्हणतो, तसंच हे. मराठी माणसाला हा नियम अवघड जाऊ नये.

नामांच्या बाबतीत देश बदलला की घोटाळा होतो. रात्रीच्या राखणदाराला मेक्सिकोत ‘बेलादोर’ म्हणतात. अर्जेंटिनात त्याच शब्दाचा अर्थ उशाजवळचा दिवा. स्पेनमध्ये ‘बिखिलांते दे सेगुरिदाद’ हे खासगी सुरक्षेच्या २०१४ च्या कायद्यातलं पद आहे, त्याला परवाना लागतो. सोसायटीच्या साध्या राखणदाराला ते नाव लावू नये. मजकूर कोणत्या देशातल्या फाटकावर लागणार आहे, हे काम हाती घेतानाच विचारून घ्या.