खऱ्यातून खरे, तरी अवैध?

प्रश्न : दोन्ही आधारविधाने खरी, निष्कर्षही खरा, तरी सरांनी माझा युक्तिवाद ‘अवैध’ ठरवला. यात चुकले काय?
– अकरावीचा विद्यार्थी, सांगली

उत्तर : तुमचा युक्तिवाद तुम्ही कळवलेला नाही, तेव्हा मालवणचा एक घेऊ. सगळे जलदुर्ग पाण्याने वेढलेले असतात. सिंधुदुर्ग पाण्याने वेढलेला आहे. म्हणून सिंधुदुर्ग जलदुर्ग आहे. तिन्ही विधाने खरी. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर त्याचे बांधकाम सुरू केले, हे शाळकरी पोरही सांगेल. आता ‘सिंधुदुर्ग’ खोडून तिथे ‘घारापुरी’ लिहा. तीही पाण्याने वेढलेली. पण ते लेण्यांचे बेट, जलदुर्ग नव्हे. साचा तोच, आधार खरे, निष्कर्ष खोटा. असे एक उदाहरण मिळाले की साचा बाद. आधार खरे असताना निष्कर्ष खोटा ठरणे अशक्यच असेल, तरच युक्तिवाद वैध. सिंधुदुर्गाच्या बाबतीत निष्कर्ष खरा निघाला तो योगायोगाने.

आता उलटे पाहा. सगळे किल्ले डोंगरावर असतात; सिंधुदुर्ग किल्ला आहे; म्हणून तो डोंगरावर आहे. मालवणात कुणी हसेल, पण हा युक्तिवाद वैध आहे! खोट आहे ती पहिल्या विधानात. ते खरे असते, तर निष्कर्षातून सुटका नव्हती. (टीव्हीवरच्या चर्चांत निम्मे भांडण याच घोळामुळे होत असावे : एक जण विधान खोडतो, दुसऱ्याला वाटते तर्क खोडला.)

नावांच्या जागी अक्षरे घालून नुसता साचा तपासण्याची रीत ॲरिस्टॉटलची, इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातली. आपल्या नैयायिकांना, म्हणजे न्यायदर्शनाच्या तर्कपंडितांना, साचा आणि सत्य यांची ही फारकत मानवली नसती. ‘डोंगरावर आग आहे, म्हणून धूर असणारच’ हे अनुमान ते अक्षरांवर तपासत नाहीत. तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा पुढे करतात. त्यात आग आहे, धूर नाही. धूर निघतो तो ओल्या जळणामुळे. अन्नंभट्टांच्या ‘तर्कसंग्रहा’त हे आले आहे. आधारच खोटा असलेले अनुमान त्यांच्या लेखी हेत्वाभास, म्हणजे हेतूचा नुसता भास. त्याला ‘वैध’ म्हणण्याचा प्रश्नच नाही. रोजच्या वादात मला त्यांची शिस्त अधिक उपयोगी वाटते.

तुमच्या युक्तिवादाचा साचा सिंधुदुर्गाच्या पहिल्या उदाहरणासारखा असेल, तर सरांचा शेरा मात्र बरोबर आहे. आणि परीक्षेत ॲरिस्टॉटलच्याच बाजूने लिहा, गुण त्यालाच आहेत.